शुक्रवारी थरथरलेली खुर्ची

या मित्रांनो, बसा. माझ्यावर नको, आधी समोर सतरंजीवर बसा आणि माझं ऐका. मी लाकडी खुर्ची आहे, जुनी झालेली. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत एक बुद्धविहार आहे. विहाराच्या पाठच्या खोलीत मुलांची अभ्यासिका आहे, आणि तिथे खिडकीजवळ माझी जागा आहे. माझा एक पाय जरा आखूड आहे आणि बोलताना मी कुरकुरते. ते चालवून घ्या. आता खुर्चीनंच कुरकुरायचं नाही तर कुणी कुरकुरायचं?

माझ्याबद्दल तुम्ही काहीबाही ऐकलं असेल. त्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असतं, दिसत नाही पण असतं, असं मुलं एकमेकांच्या कानात सांगायची. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. खरं आहे असंही इतक्यात म्हणणार नाही. आधी सगळं ऐकून घ्या, मग तुमचं तुम्ही ठरवा.

माझं लाकूड मुळात बसण्यासाठी कापलेलंच नव्हतं. मी आधी एका यंत्रमागाच्या अंगात होते. जुन्या मागांचे कितीतरी भाग लाकडाचे असायचे, आणि ते मोडले की दुरुस्तीला कोंडू सुतार यायचा. कोंडू अंबाडीकडच्या एका गावातला. तरुणपणी कामाला म्हणून भिवंडीत आला आणि इथलाच झाला. पुढे आमचे माग भंगारात निघाले. भंगारवाल्यानं लोखंड तेवढं नेलं, आणि आम्ही लाकडं कारखान्याच्या दारात उन्हात पडून राहिलो. कोंडूला ते बघवेना. ज्या लाकडावर अर्धा जन्म रंधा मारला त्याची चूल पेटवू देणार नाही म्हणाला, आणि मला रिक्षात घालून घरी घेऊन आला.

त्याचा नातू विकी तेव्हा नुकताच अकरावी सायन्सला गेला होता. पोरगा डावखुरा. अभ्यासिकेतल्या सगळ्या खुर्च्यांना लिहायची फळी उजव्या हाताला, त्यामुळे बिचारा कंबर वळवून, मान वाकडी करून लिहायचा. कोंडूनं ते पाहिलं आणि नातवासाठी मला घडवलं. रुंद पाठ, मजबूत बैठक, आणि लिहायची फळी डाव्या हाताला. म्हातारपणी नजर कमी झालेली, त्यामुळे एक पाय किंचित आखूड कापला गेला. कोंडू हळहळला, दुसरा पाय बसवतो म्हणाला. विकी म्हणाला, राहू द्या आजोबा, मला डुलायला बरं. तेव्हापासून मी डुलते.

आणि आमच्याकडे डुलायला निमित्त कमी नाही. अभ्यासिकेची मागची भिंत लूमच्या कारखान्याची आहे. पलीकडे माग सुरू झाले की इकडे जमीन थरथरते, खिडकीची तावदानं वाजतात, ग्लासातलं पाणीसुद्धा गप्प बसत नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं भूकंप झाला. आमच्या पोरांना त्याचं काहीच नाही, ती त्या खडखडाटातच बोलायला शिकलेली असतात. फक्त शुक्रवारी माग बंद असतात. तेव्हा सगळी गल्ली एकदम गप्प होते, आणि आमच्या लोकांना ती शांतताच टोचते.

विकी माझ्यावर बसायला लागला आणि माझ्या जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटायचं. खरंच वाटायचं. गणित करताना तो स्वतःशी बोलायचा. इंटिग्रेशन सोडवायचा, उत्तर आलं की मान डोलवायचा, आणि मग कपाळावर हात मारून घ्यायचा, कारण उत्तराच्या शेवटी लागणारं प्लस सी लिहायचं दर वेळी राहून जायचं. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं, पण त्याआधी त्याला गणित आवडायचं. हे दोन वेगळं असतं, मित्रांनो. मागाचं काम करणारे आणि माग आवडणारे असे दोन्ही कारागीर मी पाहिले आहेत.

त्याची धाकटी बहीण रिया तेव्हा शाळेत होती. दुपारी आई जेवायला बोलावते म्हणून सांगत यायची. विकी मान वर न करता म्हणायचा, "पाच मिनिटं." ती दारात पायानं रेघोट्या मारत उभी राहायची, कंटाळायची आणि निघून जायची. मग डबाच यायला लागला, आणि तोही माझ्या पायाशी थंड होऊन पडायचा.

आता एक गोष्ट समजून घ्या. जयंतीला आमच्याकडे अठरा तास अभ्यासाचा उपक्रम असतो. लहानमोठे सगळे बसतात, वह्यापुस्तकं वाटतात, त्यात वाईट काही नाही. पण आमच्या पोरांनी त्यातून आपलं एक वेगळंच खूळ काढलं. वर्षभर रोज बघायचं, की आज कोण सगळ्यांत जास्त वेळ जागेवरून उठलं नाही. त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं, वर लिहायचं 'आजची बैठक'. गणितं किती सुटली ते कुणी विचारायचं नाही, फक्त बूड किती वेळ टेकलं ते बघायचं. आणि मोठी माणसंही वंदनेला आली की त्या कोपऱ्याकडे बघून कौतुक करायची. विकीचं नाव तिथे सारखं असायचं. काय बसतो पोरगा, उठतच नाही, असं त्याच्या देखत म्हणायची. मुलांना दुसरं काय पाहिजे असतं?

त्याची आई शैला ही आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतली आरोग्यसेविका. सकाळी निळी पिशवी खांद्याला लावून वस्तीत घरोघरी फिरायची. कुणाला ताप आहे का विचारायची, असला तर बोटाला सुई टोचून रक्त तपासायची, गोळ्या द्यायची. बाप अनंता गोदामात ड्युटीला, त्याच्या शिफ्टचा नेम नसे. घर चांगलं होतं, प्रेमाचं होतं. माणसं वाईट असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

विकी बारावीला होता त्या वर्षी डिसेंबरात त्याला ताप आला. प्रिलिम तोंडावर आली होती. घरी कळलं तर झोपवून ठेवतील म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. आईच्या पिशवीतून तापाच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि खिशात ठेवली. स्वेटर घालून माझ्यावर येऊन बसायचा. मध्येच हुडहुडी भरायची, दात वाजायचे, मग घाम यायचा आणि दुसऱ्या दिवशी टवटवीत दिसायचा. त्याला वाटायचं, गेला ताप. तो गेलेला नसायचा. अंगावर काढलेला ताप आत मुक्काम करतो.

मला कळत होतं. त्याचं सगळं अंग माझ्या अंगाला टेकलेलं, मला कळणार नाही तर कुणाला? तो थरथरायचा तेव्हा मीही थरथरायचे. पण बाकी कुणाला ते दिसलं नाही, कारण पलीकडे माग चालू होते. जिथे भिंत थरथरते, पाणी थरथरतं, पंखा थरथरतो, तिथे थरथरणाऱ्या मुलाकडे कोण बघणार? भिवंडी सोडून दुसऱ्या कुठल्याही गावात असता तर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं.

एका दुपारी त्याचं डोकं डाव्या फळीवर टेकलं. मुलांना वाटलं, डुलकी लागली. त्या दिवशीही फळ्यावर त्याचंच नाव लिहिलं. वंदनेला कोंडू आला तेव्हा तो नातवाला उठवायला गेला, आणि मग धावाधाव झाली. मलेरिया डोक्यापर्यंत गेला होता. विकी परत आला नाही. शैलाच्या हाताला नंतर त्याच्या स्वेटरच्या खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी लागली, तिच्याच पिशवीतली.

विहारात त्याच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. त्यानंतर शैलानं अभ्यासिकेच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आणि माझ्यावर कुणी बसलं नाही.

तसं कुणी ठरवलं नव्हतं. एकानं बसायचं टाळलं, मग दुसऱ्यानं. फळ्याच्या कोपऱ्यातलं 'विकी' हे नावही कुणी पुसलं नाही, फळा पुसताना डस्टर तेवढ्या जागेला वळसा घालून जायचं. विचारलं तर मोठी माणसं म्हणायची, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, भूतबीत काही मानत नाही, हा फक्त मान आहे. बरं बाबा, मान तर मान. पण मान ठेवलेल्या वस्तूकडे बघताना कुणाचे डोळे असे चुकवलेले मी पाहिले नाहीत.

रिकामेपणी मी जास्तच डुलायला लागले. वजन नसलेली खुर्ची, आखूड पाय, आणि खाली थरथरती जमीन. माग सुरू झाले की मी टुक टुक हलायचे. विकीच्या शाळेतल्या मित्राचा धाकटा भाऊ प्रितम, उंच, बडबड्या, मनानं भित्रा, त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं आणि त्याची गोष्ट केली. विकीदादा डुलतोय, म्हणे. कोंडूनं सगळ्यांना समोर उभं करून समजावलं की हा मागांचा दणका आहे. मुलांनी मान डोलावली आणि खिडकीपासून आणखी लांब बसायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी.

पण मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं. मागांचा दणका मला जन्माआधीपासून ओळखीचा आहे, तो माझ्या रक्तातच आहे म्हणा. त्याखेरीज आणखी काहीतरी होतं. दुपारी खोली मोकळी असली की माझ्या बैठकीवर हळूच वजन यायचं. डाव्या फळीवर कोपर टेकायचं. पाठीवर पाठ यायची, किंचित पुढे झुकलेली, जशी त्याची असायची. तो मला घाबरवायचा नाही. तो फक्त बसलेला असायचा, आणि उठायचा नाही. मला फार वाईट वाटायचं. शुक्रवारी, सगळं गप्प असतानाही, तो असायचा.

अशी वर्षं गेली. मग रिया बारावीला आली.

अकरावीलाच गणिताऐवजी बायोलॉजी घेऊन चाललं असतं. शैलाचीही तीच इच्छा होती, गणित हा शब्दच तिला घरात नको होता. रियानं ऐकलं नाही. विकीचा गणिताचा पेपर राहिला आहे, तो मला लिहायचा आहे, एवढंच ती म्हणाली. आणि एक दिवस अभ्यासिकेत येऊन, कुणाला न विचारता, माझ्यावर बसली.

सगळ्यांनी माना वळवल्या. प्रितमच्या हातातला कंपास खाली पडला. मला विचाराल तर मला रडू येत होतं, लाकडाला जेवढं येईल तेवढं. इतक्या दिवसांनी अंगावर ऊब आली. पण रिया उजव्या हातानं लिहिणारी. फळी डावीकडे, त्यामुळे ती सगळी वळून बसायची, पाठीत कळ यायची. तिनं आजोबांना विचारलं, फळी उजवीकडे लावून द्याल का? कोंडू म्हातारा पहिल्यांदाच नातीवर कडाडला. "ती विकीची हाय. हात न्हाय लावायचा तिला." रिया तशीच वाकडी होऊन लिहायला लागली.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. पोरगी हुशार, विकीपेक्षा नीटनेटकी. प्लस सी कधी विसरायची नाही. व्हेक्टर तिला जड जायचे, ते तिनं पुन्हा पुन्हा सोडवून बसवले. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायची. गणित तिला विकीइतकं आवडत नव्हतं, पण जमत होतं.

मग तिची नजर फळ्याच्या त्या कोपऱ्याकडे जायला लागली. ती जास्त बसायला लागली. आधी चहाला उठायची, ते सोडलं. मैत्रिणी बाहेर हाका मारायच्या, ती "पाच मिनिटं" म्हणायची, अगदी त्याच चालीत. मुलांनी विकीच्या नावाखाली 'रिया' असं लिहिलं, आणि मोठी माणसं पुन्हा म्हणायला लागली, भावावर गेलीय पोरगी, उठतच नाही. मी तर हादरलेच. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात, पण इथे मागच्यानं त्याच दगडाकडे डोळे मिटून चालायला सुरुवात केली होती.

आणि ते वजन गेलं नव्हतं. रिया बसली की तोही बसायचा. बसणारी एक आणि भार दोघांचा. ती उजव्या हातानं लिहायची, आणि डाव्या फळीच्या पलीकडच्या कडेला, जिथे तिचा हात पोचतच नव्हता, तिथे दाब जाणवायचा. ती थकून उठायला निघाली की मला वाटायचं, कुणीतरी तिला परत खाली ओढतंय. तिच्यावर माया करणाराच तो. पण त्याला उठायचं कसं ते माहीत नव्हतं, आणि आता तीही विसरायला लागली होती.

फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली. पहिले पेपर चांगले गेले. गणिताचा पेपर शनिवारी होता. त्या आठवड्यात एका दुपारी ती बसली असताना मला एक आवाज ऐकू आला. गोळ्यांच्या पट्टीचा चांदीचा कागद फाटल्याचा. एवढासा आवाज, पण माझ्या सगळ्या सांध्यांत गेला. तो आवाज मी आधी ऐकला होता. याच जागी, याच फळीखाली. दुसऱ्या दिवशी ती भर उन्हात विकीचा स्वेटर घालून आली.

शुक्रवार उजाडला. उद्या गणित. माग बंद, गल्ली चिडीचूप. बारावीची सगळी मुलं शेवटची उजळणी करायला जमली होती. रिया माझ्यावर बसून इंटिग्रेशन सोडवत होती आणि तिला हुडहुडी भरली. तिनं ओठ दाबून धरले. तिच्याबरोबर मी थरथरायला लागले. आखूड पाय फरशीवर आपटायला लागला. टुक, टुक, टुक.

प्रितम मागे बसला होता. त्यानं आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"आज तर लूम बंद आहेत," तो म्हणाला.

सगळ्यांनी ऐकलं. मग एकेकानं पुस्तकं उचलली आणि मुलं दाराकडे सरकली. भूत न मानणारी ती मुलं दारात दाटीवाटीनं उभी राहून रिकाम्या खोलीतल्या दोन गोष्टींकडे बघत राहिली, एक खुर्ची आणि एक मुलगी. त्यांना खुर्ची हलताना दिसत होती. मुलगी कापतेय हे एकालाही दिसलं नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पण खुर्चीचं ओरडणं म्हणजे कुरकुरच. ती जितकी वाढली तितकी मुलं मागे सरली.

त्याच वेळी शैला नाक्यापलीकडच्या एका चाळीत होती. हे तिनंच पुढे कधीतरी सांगितलं म्हणून मला माहीत. कुणाच्या तरी तापलेल्या लेकराला गोळी द्यायला तिनं पिशवीत हात घातला आणि पट्टी सापडली नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, कुठे राहिली कोण जाणे. शैला तशीच उठली. त्या घरातल्या बाईला दुकानातून गोळी आणायला सांगितलं आणि चपला घालायचंही न सुचता धावत सुटली.

दारात तिला प्रितमनं अडवलं. काकी, आत नका जाऊ, विकीदादा आहे आत, म्हणाला. शैलानं त्याला बाजूला केलं. ज्या उंबऱ्यावर ती इतकी वर्षं चढली नव्हती तो ओलांडून आत आली. तिला माझी पाठ दिसली, माझ्यात बसलेली पुढे झुकलेली पाठ दिसली, तो स्वेटर दिसला. तिचे पाय क्षणभर थांबले. मग तिनं नीट, स्पष्ट हाक मारली, "रिया."

"पाच मिनिटं, आई," रिया मान वर न करता म्हणाली. "एवढं इंटिग्रेशन झालं की उठते."

शैला जवळ आली आणि तिनं रियाच्या मानेवर हात ठेवला. ठेवला आणि काढलाच नाही. दुसऱ्या हातानं पिशवी उघडली, माझ्या डाव्या फळीवर सामान मांडलं, आणि तिथल्या तिथे लेकीच्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब तपासायच्या पट्टीवर सोडला. दोघी मायलेकी त्या पट्टीकडे बघत राहिल्या. नको ती रेघ हळूहळू उमटली.

"आई, उद्या पेपर आहे," रिया म्हणाली. तिचे दात वाजत होते. "विकीचा पेपर राहिलाय."

"त्याचा पेपर त्याच्याबरोबर गेला, बाळा. तो तुला लिहिता येणार नाही. तुझा तू पुढच्या खेपेला लिही." शैलानं तिच्या पुढ्यातली वही मिटली. "अख्ख्या वस्तीच्या अंगाला हात लावत फिरले मी. माझ्या पोराच्या अंगाला लावला तेव्हा ते गार होतं. तुझं गरम आहे. ऊठ."

रिया उठायला गेली आणि तिला उठता येईना. पाय लटपटले असतील, तापानं कंबर गेली असेल. मी एवढंच सांगते, की त्या वेळी माझ्यावरचा भार दोघांचा होता. शैलानं एका बाजूनं ओढलं, पुरं पडेना. तेव्हा दारातला प्रितम आत आला. भीतीनं पांढराफटक पडला होता, पण आला. त्यानं रियाच्या दुसऱ्या काखेत हात घातला, आणि दोघांनी मिळून तिला माझ्यावरून उचललं.

दुसऱ्या दिवशी रिया दवाखान्यात सलाईनवर होती. हॉल तिकीट शैलाच्या पिशवीत तसंच राहिलं. अभ्यासिकेत कुणी नव्हतं. बाकीची मुलं पेपरला गेलेली. भिंतीपलीकडे माग चालू होते, आणि मी एकटी होते. नाही, एकटी होते असं म्हणवत नाही. पेपर सुरू व्हायच्या वेळेला माझ्या बैठकीवर ते वजन आलं आणि डाव्या फळीवर पेनाचं टोक टेकल्यासारखं झालं. पेपर सुटेपर्यंत ते तिथेच होतं. कुठला प्रश्न सोडवत होता देव जाणे. मी त्याला जागा दिली, आणखी काय करणार?

रिया बरी झाली. लोक बोलायचं ते बोलले. एवढा अभ्यास करून वर्ष घालवलं, एक दिवस गोळी घेऊन कळ काढली असती, असंही कुणीतरी म्हणालं. शैलानं त्या माणसाकडे अशी नजर टाकली की पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आणि रिया परत अभ्यासाला लागली.

ती परत यायच्या आदल्या दिवशी कोंडू आपली हत्यारं घेऊन माझ्याजवळ आला. फळीवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं स्क्रू सोडवायला घेतले. गंजलेले, निघता निघेनात. अनंता मदतीला आला होता, त्यानं विचारलं, बाबा, नक्की ना? कोंडूनं मान वर केली नाही.

"डाव्या हाताचा पोरगा आता न्हाय," तो म्हणाला. "उजव्या हाताची पोरगी हाय."

फळी उजवीकडे बसली. मला दुखलं, खोटं कशाला बोलू. जुन्या भोकांत वारा शिरला. पण रिया येऊन सरळ बसली, पाठ टेकून, आणि तिनं एक मोठा श्वास सोडला तेव्हा मला वाटलं, कोंडूनं मला दुसऱ्यांदा घडवलं.

जुलैत तिनं पेपर लिहिला, स्वतःचा. मार्क किती पडले ते विचारू नका, ही विचारायची सवयच वाईट. पास झाली आणि पुढे शिकतेय, एवढं पुरे.

आता रविवारी दुपारी शैला अभ्यासिकेत येते. आली की पहिलं काम म्हणजे मुलांना उठवते. पाणी प्या, पाय मोकळे करा, जरा उन्हात उभे राहा. कुणी आणखी थोडा वेळ बसतो म्हणालं तर ऐकून घेत नाही, हाताला धरून बाहेर काढते. तिनं पहिल्याच रविवारी फळ्याचा तो कोपरा पुसला. ओल्या फडक्यानं, सावकाश, खडू पूर्ण निघेपर्यंत. 'रिया' पुसलं, मग 'विकी' पुसलं, मग वरची 'आजची बैठक' पुसली. मुलं बघत होती. तिचा हात एकदाही थांबला नाही.

मग तिनं सगळ्यांना बाहेर पाठवलं. खोलीत ती आणि मी उरलो. मला वाटलं, आता ही बसेल. ती बसली नाही. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या पाठीवर, जिथे त्याची पाठ टेकायची, तिथे तिनं तळहात ठेवला. मला वजन जाणवत होतं. तिला जाणवत होतं की नाही ते मी सांगू शकत नाही. ती अगदी घरातल्या आवाजात, ताट वाढून झाल्यावर बोलतात तशी बोलली.

"सगळी उठली, विकी. तू पण ऊठ रे बाळा. झाला तुझा अभ्यास."

आणि मित्रांनो, तो उठला. आधी कोपराचा दाब गेला, मग पाठीचा, मग बैठक हलकी झाली. शैला तशीच उभी राहून खूप रडली. मी तिच्या हाताखाली स्थिर राहिले, तिला टेकायला काहीतरी हवं होतं म्हणून.

त्या दिवसापासून मी रिकामी असते तेव्हा खरंच रिकामी असते. म्हणून तुम्हांला सांगते, या आता, बसा माझ्यावर. माझी धूळ पुसा, स्क्रू ढिला झाला तर आवळा, माझ्या मानासाठी मला कोपऱ्यात टाकू नका. आणि तुमच्या शेजारी कुणी फारच शहाण्यासारखं गप्प बसलं असेल, दिवसभर उठत नसेल, विचारलं तर बरा आहे म्हणत असेल, तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याच्या अंगाला एकदा हात लावून बघा. मला कळलं तरी कुणाला सांगता येत नाही. तुम्हांला येतं.